डोळे चांगले, तरी अर्धं दिसत नाही : पेन्शनच्या कागदातून निघालेल्या एका नकाशाची गोष्ट

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कुणाच्या डोक्याला मार लागला आहे किंवा कुणाला लकव्याचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

जून २०२२ आठवतो? अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो टाकले. त्याआधी कित्येक वर्षं त्याच रस्त्यानं आपल्या कमरा मोडल्या होत्या, त्यामुळे आनंद खराच होता. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांना वेग आला. हेल्मेट मात्र आजही अनेकांचं आरशालाच लटकलेलं असतं.

डोक्याला जबर मार लागलेला माणूस पूर्वी बरेचदा वाटेतच जायचा. आता १०८ येते, सीटी स्कॅन होतो, अकोल्यात-अमरावतीत मेंदूचं ऑपरेशन होतं, नाहीच जमलं तर नागपूरला मेडिकलमध्ये नेतात. माणूस वाचतो. ही पोस्ट त्या वाचलेल्या माणसाबद्दल आहे.

बातमीदारीच्या निमित्तानं अशा काही घरांत जाणं झालं. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण ऐकायला मिळालं ते बरंचसं सारखं. टाके निघाले, हातपाय चालू लागले, बोलणं नीट झालं. पण माणूस घरातल्या घरात दाराच्या चौकटीला धडकतो, आणि दर वेळी एकाच बाजूनं. ताटातली एका बाजूची वाटी तशीच राहते आणि वर म्हणतो, "भाजी वाढलीच नाही." रस्त्यानं चालताना एका बाजूनं आलेली सायकल त्याला एकदम अंगावरच आल्यासारखी वाटते. पेपर हातात घेतो आणि दोन मिनिटांत ठेवून देतो. मग घरचे डोळे तपासायला नेतात. तक्त्यावरची खालची ओळसुद्धा तो वाचतो. कागदावर येतं, सिक्स बाय सिक्स. घरी आल्यावर बायको विचारते, "डोये तं चांगले हायेत, मंग काहून दिसत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला जगाला जवळपास शंभर वर्षं लागली. उत्तर मिळाल्यालाही आता शंभर वर्षं होऊन गेली. ते उत्तर आपल्या डिस्चार्ज कार्डापर्यंत का आलं नाही, हा आजचा विषय.

आधी एका केमिस्टची गोष्ट

विल्यम हाइड वोलास्टन हा इंग्लंडमधला नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे दोन धातू त्यानं शोधले. एकदा रस्त्यानं जाताना समोरून आलेल्या माणसाचा चेहराच त्याला अर्धा दिसला. एका दारावर 'जॉन्सन' हे नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्यातलं त्याला फक्त शेवटचं 'सन' दिसलं. डावी बाजू गायब. थोड्या वेळानं नजर पूर्ववत झाली. बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसंच झालं, या वेळी दुसऱ्या बाजूचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अमरावती स्टेशनच्या पाटीकडं असा माणूस बघेल तर त्याला 'वती' एवढंच दिसेल. एक डोळा झाकून बघितलं तरी 'वती'च, दुसरा झाकला तरी 'वती'च.

गोम इथंच आहे. डावा डोळा खराब असता, तर तो झाकल्यावर उजव्यानं पूर्ण पाटी दिसली असती. वोलास्टननं नेमकं हेच हेरलं. दोन्ही डोळ्यांची तीच बाजू एकदम जाते, म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागं, जिथं दोघांच्या तारा एकत्र येतात तिथं असला पाहिजे. प्रत्येक डोळ्यातल्या निम्म्या तारा दुसऱ्या बाजूला ओलांडून जातात आणि निम्म्या आपल्याच बाजूला राहतात, असं त्यानं १८२४ साली लिहिलं. समोरच्या देखाव्याची डावी अर्धी बाजू, मग ती कोणत्याही डोळ्यानं बघा, जाते उजव्या मेंदूकडं. उजवी बाजू डाव्या मेंदूकडं. १८२८ मध्ये वोलास्टन मेंदूतल्या गाठीनंच गेला.

या आजाराला डॉक्टर हेमिॲनोपिया म्हणतात. आपण अर्धदृष्टी म्हणू. हिच्याबद्दल एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. गेलेल्या बाजूला काळोख दिसत नाही. आत्ता, या क्षणी, तुमच्या डोक्यामागं तुम्हाला काय दिसतंय? काळं? काळंही नाही, काहीच नाही. अर्धदृष्टीच्या माणसाला तसंच 'काहीच नाही' समोरच्या अर्ध्या जगाच्या जागी असतं. म्हणून तो स्वतः तक्रार करत नाही. आपल्याला कमी दिसतंय, हेच त्याला दिसत नाही. घरचे म्हणतात, ध्यान नाही याचं. गावातले म्हणतात, अपघातानंतर डोक्यावर परिणाम झाला.

नकाशा निघाला पेन्शनच्या कामातून

मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या वर जिथं आपण सहज हात फिरवतो तिथं, नजरेचं ठाणं आहे एवढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कळलं होतं. पण त्यात कोणत्या जागी देखाव्याचा कोणता भाग बसतो? हा नकाशा काढला तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रवैद्यानं. आणि तो काढला एका सरकारी कामातून.

१९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं. रशियन सैनिकांच्या नव्या रायफलीची गोळी बारीक आणि वेगवान होती. जुन्या जाड शिशाच्या गोळीनं कवटी फुटायची. ही गोळी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायची आणि पुष्कळदा माणूस वाचायचा. असे सैनिक घरी आले आणि सरकारपुढं प्रश्न उभा राहिला, यांना पेन्शन किती द्यायची? नजर किती गेली हे मोजून सांगायचं काम इनोउयेकडं आलं.

त्यानं नुसता शेरा मारून फाइल पुढं ढकलली नाही. गोळी जिथून आत शिरली आणि जिथून बाहेर पडली, त्या दोन्ही जागा कवटीवर मोजायला त्यानं स्वतः एक उपकरण बनवलं. त्यावरून मेंदूतला गोळीचा मार्ग काढला. मग त्या सैनिकाला नेमकं कुठलं दिसत नाही ते मोजलं, आणि दोन्ही गोष्टी एकावर एक ठेवून बघितल्या. अशा २९ जणांच्या नोंदींवरून त्यानं नजरेचा नकाशा मांडला. १९०९ मध्ये तो जर्मन भाषेत छापून आला.

त्यात एक गोष्ट मोठी विलक्षण होती. आपण ज्या मधल्या छोट्याशा जागेनं वाचतो, सुईत दोरा ओवतो, चेहरा ओळखतो, तिला मेंदूत भलतीच मोठी जागा दिलेली आहे. अमरावती जिल्ह्याच्या नकाशात एकट्या राजकमल चौकालाच निम्मा कागद दिला आणि मेळघाटापासून वरुडपर्यंतचं बाकी सगळं उरलेल्या कागदात कोंबलं, तर कसं दिसेल, तसं. म्हणूनच कडेचं सगळं गेलं आणि मधलं वाचलं, तर माणूस तक्ता फाडफाड वाचतो आणि तरीही दाराला धडकतो.

एक माणूस अपंगत्वाचं प्रमाणपत्र देण्याच्या कामावर बसला होता. समोर आलेल्या प्रत्येक सैनिकाला त्यानं नीट तपासलं, म्हणून विज्ञानाला हा नकाशा मिळाला. आपल्याकडं प्रमाणपत्राच्या बुधवारी किंवा शुक्रवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जी गर्दी असते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या ओळीवर थोडं थांबावं.

महायुद्ध, खडकी आणि डेहराडून

पुढं पहिलं महायुद्ध आलं. खंदकातल्या सैनिकाचं डोकंच वर राहायचं आणि त्या काळचं इंग्रजी शिरस्त्राण उथळ ताटलीसारखं, डोक्याचा मागचा खालचा भाग उघडा टाकणारं. फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यांत गॉर्डन होम्स या मेंदूच्या डॉक्टरनं अशा जखमींची नजर मोजून १९१६ आणि १९१८ मध्ये नकाशा आणखी पक्का केला. जॉर्ज रिडॉक या दुसऱ्या लष्करी डॉक्टरला १९१७ मध्ये वेगळंच आढळलं. काही सैनिकांना गेलेल्या बाजूची वस्तू दिसत नव्हती, पण ती हलली की 'तिथं काहीतरी हललं' एवढं कळत होतं. म्हणजे गेलेली बाजूसुद्धा पूर्णपणे मेलेली नसते.

आणि याच वर्षांत प्रश्न बदलला. कुठं बिघडलं, याच्या जोडीला आता पुढं काय, हेही विचारलं जाऊ लागलं. जर्मनीत कोलोन शहरात वॉल्टर पॉपेलरॉयटर हा डॉक्टर डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांकडून टेबलावर पसरलेल्या वस्तूंतून हवी ती वस्तू शोधून घ्यायचा सराव करून घेत होता. फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डस्टाइननं अशा जखमींसाठी संस्थाच काढली. तिथं उपचार, शिकवणं आणि कामधंद्याची तयारी हे एका छपराखाली होतं. मेंदूला मार लागलेल्यांच्या पुनर्वसनाचा पाया तो.

भारतीय सैनिकही त्या युद्धात होते. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. परत आलेल्या जायबंदी सैनिकांना धंदा शिकवायला १९१७ मध्ये क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालं आणि पुढं ते पुण्याजवळ खडकीला स्थिरावलं. आजही ते आहे. दुसऱ्या महायुद्धात आंधळे झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचं केंद्र उघडलं. ते उभं करणारे क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे स्वतःचे डोळे गेले होते. भारतातल्या अंधत्वावरचा १९४४ चा सरकारी अहवाल त्यांचाच. १९५० मध्ये त्याच डेहराडूनला प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र झालं. आज दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था आहे ती तीच.

ही सगळी कामं मोठी होती. पण बघा, खडकीला आला तो हातपाय गेलेला आणि डेहराडूनला आला तो डोळे गेलेला. हातपाय शाबूत, डोळे शाबूत, पण मेंदूतली नजरेची अर्धी पाटी पुसली गेलेली, अशा माणसाचं दार यांत कोणतं? ते तेव्हा नव्हतं आणि आजही आपल्या भागात ते शोधावंच लागतं.

मराठी मुलखातलं एक दार

एक दार मात्र महाराष्ट्रातच उघडलं होतं. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्न करून इकडं आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. आजारी किंवा जखमी माणसाला औषधानंतर पुन्हा रोजच्या कामाला लावणं, म्हणजे आंघोळ, जेवण, स्वयंपाक, लिहिणं-वाचणं, धंदा, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे हे त्यांनी ओळखलं. त्याचं रीतसर शिक्षण अमेरिकेतून घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. नावातल्या 'व्यवसाय'चा अर्थ फक्त धंदा नाही. माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. पुढं नागपूरच्या मेडिकलमध्येही हे शिक्षण सुरू झालं. म्हणजे विदर्भात हे शिकलेली मुलंमुली कित्येक वर्षं तयार होत आहेत.

किती पेशंटना त्यांच्याकडं पाठवलं जातं? डोक्याला मार लागलेल्याला फिजिओथेरपी लिहून देतात, कारण लुळा हात सगळ्यांना दिसतो. लुळी नजर कुणाला दिसत नाही.

मग यावर इलाज आहे का?

खरं ते सांगतो, कारण या विषयात खोटी आशा विकणारेही खूप आहेत.

नजर आपोआप सुधारायची असेल तर ती बहुतेक करून पहिल्या तीन महिन्यांत सुधारते. सहा महिन्यांनंतर आपोआप फारसं काही परत येत नाही. गेलेली बाजू यंत्रानं, कॉम्प्युटरवर ठिपके दाखवून परत आणण्याचे प्रयत्न परदेशात झाले, अजून चालू आहेत. त्यांच्या निकालांवर तज्ज्ञांचंच एकमत नाही. थेंब, लेप, तेल, चष्म्याचा नंबर, यातलं काहीही या आजारावर चालत नाही. नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ इथं उपयोगाचं नाही, कारण बुबुळ हा पुढचा दरवाजा आणि बिघाड मागच्या खोलीत. नेत्रदान जरूर करा, त्यानं बुबुळ खराब झालेल्याला जग दिसतं. या माणसाला मात्र वेगळी मदत लागते.

ती मदत म्हणजे शोधायची सवय. पॉपेलरॉयटरनं सैनिकांकडून जे करून घेतलं, त्याचंच शिस्तबद्ध रूप म्युनिकच्या योझेफ त्सिल यांनी १९८० च्या दशकापासून मांडलं. अर्धदृष्टीचा माणूस गेलेल्या बाजूकडं छोटे-छोटे, चाचपडत नजरेचे हेलकावे घेतो. त्याला एकदम लांब, थेट कडेपर्यंत नजर टाकायला शिकवायचं आणि मग तिथून परत आतल्या बाजूला येत सावकाश शोधायला लावायचं. रोज, आठवड्यामागून आठवडे. यानं गेलेली बाजू परत येत नाही. पण मान आणि डोळे त्या बाजूची राखण करायला शिकतात. उपलब्ध अभ्यास अजून थोडे आहेत आणि त्यांचा पुरावा मध्यमच म्हणावा लागेल, पण जगभरातले तज्ज्ञ आज पहिल्यांदा सुचवतात ते हेच. याला महागडं यंत्र लागत नाही. शिकवणारा माणूस आणि घरच्यांचा धीर लागतो.

घरी करण्यासारखं थोडं सांगतो. डॉक्टरला विचारून करा.

१. तपासणी : पेशंटच्या समोर हातभर अंतरावर बसा. त्याला तुमच्या नाकाकडंच बघायला सांगा. तुमचे दोन्ही हात बाजूला पसरा आणि कधी डाव्या, कधी उजव्या हाताचं बोट हलवा. कोणतं हललं ते त्याला सांगू द्या. एकच बाजू सारखी चुकत असेल तर लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. एखाद्याला अशी बाजू एकदम, आज-आत्ताच गेली असेल, तर घरी तपासत बसू नका. तो लकव्याचा झटका असू शकतो. तासाचाही उशीर न करता दवाखाना गाठा.

२. ताट : आपल्या ताटात डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडं भाजी. कोणती वाटी उरते ते बघा, बाजू लगेच कळेल. मग ताट फिरवून देऊ नका. "एकदा ताटाच्या काठापर्यंत बघ," असं म्हणा. आपण फिरवून दिलं तर शोधायची सवय लागत नाही.

३. घर : गेलेल्या बाजूच्या चौकटीला, पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. बाज, पाण्याची गुंडी, स्टूल रोज त्याच जागी ठेवा.

४. रस्ता : चालताना घरच्या माणसानं त्याच्या गेलेल्या बाजूला राहावं. आणि गाडी चालवायला देऊ नका. लायसन्सच्या मेडिकल फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असं विचारतात. ती हा माणूस आरामात वाचेल. पण कडेच्या धुऱ्यावरून रस्त्यावर आलेली बैलगाडी त्याला दिसणार नाही.

मराठी पेपर आणि उर्दू पेपर

वाचनाचं थोडं वेगळं सांगतो, कारण आपल्या भागात त्याला खास अर्थ आहे.

मराठी आपण डावीकडून उजवीकडं वाचतो. ज्याची उजवी बाजू गेली, त्याला पुढचा शब्द दिसतच नाही. प्रत्येक शब्दाला ठेच लागते, वाचणं बैलगाडीच्या गतीनं होतं. ज्याची डावी बाजू गेली त्याला ओळ वाचता येते, पण ती संपल्यावर पुढची ओळ सुरू कुठून होते ते सापडत नाही. अर्थ लागत नाही आणि चिडचिड होते.

आता अकोट, बाळापूर, अचलपूर, आपल्या सगळ्या गावांत उर्दू वाचणारी मंडळी आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडं. म्हणजे मेंदूतली जखम तीच, पण मराठी वाचणाऱ्याची अडचण एक आणि उर्दू वाचणाऱ्याची बरोबर उलटी. परदेशात यासाठी सरकत्या अक्षरांचे मोफत कॉम्प्युटर सराव निघाले आहेत, पण ते इंग्रजीसारख्या लिपीला धरून. नागपूर किंवा अमरावतीत व्यवसायोपचार नाहीतर नेत्रतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांनी मराठीचा आणि उर्दूचा असा सराव तयार केला, तर तो लाखमोलाचा होईल. तोवर साधा उपाय : डावी बाजू गेलेल्यानं मराठी पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायची आणि पट्टी दिसेपर्यंत नजर मागं आणायची. उर्दूत उजवी बाजू गेलेल्यानं ती उजव्या कडेला. काहींना पेपर आडवा धरून, ओळी उभ्या करून वाचणं सोपं जातं. करून बघायला पैसे लागत नाहीत.

जिद्दीचंही एक उदाहरण आहे. लेव्ह झासेत्स्की हा रशियन सैनिक १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागून जखमी झाला. उजवीकडची नजर गेली, शब्द गेले, स्वतःच्या शरीराचं भानसुद्धा विस्कटलं. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा लिहायला शिकला आणि पंचवीस वर्षं लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. स्वतःचं लिहिलेलं वाचणं त्याला अतोनात कठीण जायचं, तरी लिहिलं. म्हणजे प्रगती महिन्यांत मोजून सोडून द्यायची नसते.

कायद्याच्या कागदावर काय आहे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची व्याख्या तक्त्यावरच्या नजरेसोबत नजरेच्या व्याप्तीवरही केली आहे, ही चांगली गोष्ट. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत अर्धदृष्टीचा उल्लेखही होता. ज्यात नजरेचा मध्यही सापडला आहे, अशी अर्धदृष्टी ४० टक्क्यांच्या गटात धरली होती. आणि बहुतेक सवलतींची दारं ४० टक्क्यांपासूनच उघडतात.

म्हणजे प्रमाणपत्राचा रस्ता कागदावर आहे. पण तो चालायला आधी नजरेच्या व्याप्तीची, म्हणजे पेरिमेट्रीची तपासणी व्हायला हवी. नुसता तक्ता वाचून घेतला तर हा माणूस 'नॉर्मल'. ज्याचा मध्य वाचला आहे, जो तक्ता पूर्ण वाचतो पण गाडी चालवू शकत नाही, शेतात वखर धरू शकत नाही, त्याचा प्रश्न तर या ओळीनंही सुटत नाही. त्यावर बोलायला पाहिजे.

पेरिमेट्रीचं यंत्र काही परग्रहावरचं नाही. काचबिंदूसाठी ते नेत्रविभागांत वापरतातच. फक्त मेंदूच्या वॉर्डातून नेत्रविभागात चिठ्ठी जायला पाहिजे. मी कोण्या एका दवाखान्याबद्दल किंवा डॉक्टरबद्दल बोलत नाही. रात्री दोन वाजता कवटी उघडून जीव वाचवणाऱ्यांना माझा नमस्कारच आहे. बोलतो आहे ते व्यवस्थेबद्दल. आपला राष्ट्रीय अंधत्व कार्यक्रम १९७६ ला निघाला, त्याचं मोठं बळ मोतीबिंदूवर लागलं आणि ते योग्यच होतं. शिबिरं झाली, लाखो लोकांना दिसू लागलं. पण त्यातून आपल्या सगळ्यांच्या मनात एक समीकरण बसलं, नजर म्हणजे डोळा. डोळा चांगला तर नजर चांगली.

वऱ्हाडाला हे वेगळं सांगायला नको

खरं तर हे समीकरण खोटं आहे, हे आपल्या मातीला ठाऊक आहे. लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले आणि माधानला वाढलेले गुलाबराव महाराज. वयाच्या नवव्या महिन्यातच त्यांचे डोळे गेले. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन, ऐकून, सांगून लिहून घेत त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ केले आणि १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवा. त्यांच्यासाठी कुणीतरी वाचत होतं, कुणीतरी लिहून घेत होतं. तेवढी साथ मिळाली, म्हणून डोळे नसूनही ते काम झालं.

औषधानंतरचं काम ही या भागाची जुनी ओळख आहे. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधल्या आणि त्यांच्या हाताला कामही दिलं. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मुलं आपली केली, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन लेक माला हिनं एमपीएससीची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा पार केली. दिव्यांगांसाठी वेगळं मंत्रालय हवं म्हणून भांडणारे बच्चू कडू अचलपूरचेच, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभाग झालासुद्धा. एवढं सगळं ज्या जिल्ह्यात झालं, तिथं अर्धदृष्टीचा माणूस दोन विभागांच्या मधल्या व्हरांड्यात हरवू नये.

मागणी मोठी नाही. तीनच गोष्टी.

एक, डोक्याला मार लागलेल्या आणि लकव्याच्या प्रत्येक पेशंटची डिस्चार्जच्या आधी बोट हलवून नजरेची व्याप्ती तपासावी आणि ती कार्डावर लिहावी. याला दोन मिनिटं लागतात. संशय असेल तर पेरिमेट्रीला पाठवावं.

दोन, अमरावती आणि अकोला इथं आठवड्यातून एक दिवस तरी मेंदू, नेत्र आणि व्यवसायोपचार यांची एकत्र ओपीडी असावी. पहिले तीन महिने मोलाचे असतात. या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात ते जाऊ नयेत.

तीन, दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीत अशा पेशंटचा फक्त तक्ता वाचून घेऊ नये.

१९०५ मध्ये एका जपानी डॉक्टरसमोर पेन्शनच्या रांगेत उभा असलेला सैनिक म्हणाला असेल, साहेब, डोळे चांगले आहेत पण या बाजूचं दिसत नाही. त्या डॉक्टरनं त्याचं ऐकून घेतलं. आपल्या रांगेतला माणूस आजही तेच सांगतोय.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात असं कुणी असेल तर आज संध्याकाळी बोटाची ती तपासणी करून बघा. काय आढळलं ते पेशंटचं नाव न टाकता खाली लिहा. व्यवसायोपचार किंवा नेत्रतपासणीच्या क्षेत्रातली मंडळी ही पोस्ट वाचत असतील, तर त्यांनी आपल्या भागात हे काम कुठं होतं ते जरूर सांगावं. चार-सहा पत्ते जमले तरी एक वेगळी पोस्ट करू. आणि हेल्मेट आरशाला लटकवू नका, डोक्यात घाला. त्याचा पट्टासुद्धा लावा.